‘फाइल सापडत नाही’, पण ती तर समोरच आहे: वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कागद जोडताना

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय आणि तिचं संगणकावरचं काम माझ्याकडे आलंय. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांवर तावातावाने बोलणारे घरात पुष्कळ आहेत. जुना कागद स्कॅन करून तो योग्य माणसाच्या नावाला जोडायचा म्हटलं की सगळ्यांना अचानक कामं आठवतात. जे दोघे-तिघे पुतणे आणि एक चुलतदीर मनापासून मदत करतात, त्यांचा फोन ठरलेला असतो: “काकू, एरर येतोय.” काय लिहिलंय? “काहीतरी फाइल नाही म्हणतोय. पण फाइल तर आहे.”

या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतेय. आम्ही ग्रॅम्प्स वापरतो. ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि सगळी माहिती आपल्याच लॅपटॉपवर राहते. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर बटणांची नावं बदलतील, दुखणी साधारण हीच असतील.

पहिली गोष्ट म्हणजे संदेशातल्या शब्दांवर फार विसंबू नका. प्रोग्रॅम जिथे अडतो तिथलं तो सांगतो, का अडला ते त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. ‘फाइल खराब असू शकते’ असं आलं आणि फाइल ठणठणीत निघाली, ‘सापडत नाही’ आलं आणि खरं कारण परवानगीचं निघालं, हे नेहमीचं आहे. म्हणून मी संदेश वाचते, लिहून ठेवते आणि चाचणीला लागते.

चाचणी अशी. एक छोटासा, नक्की चालणारा जेपीजी फोटो कायम जवळ ठेवा. त्याचं नाव रोमन लिपीत एका शब्दाचं, जागा थेट सी ड्राइव्हवर केलेला एखादा साधा फोल्डर. कागद जोडताना एरर आला की त्याच व्यक्तीला आधी हा फोटो जोडून बघा. तोही जोडला जात नसेल तर तुमच्या कागदाचा काही दोष नाही, अडचण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा परवानगीत आहे. फोटो जोडला गेला, तर रुसलेल्या कागदाची एक प्रत त्याच फोल्डरमध्ये आणा, तिला तसंच एका शब्दाचं रोमन नाव द्या आणि ती जोडा. आता जोडली गेली, तर दोष मूळ फाइलच्या नावात किंवा जागेत. तरीही अडली, तर दोष फाइलच्या पोटात. एवढं झालं की तीन-चतुर्थांश फोन वाचतात. चाचणीसाठी जोडलेला फोटो नंतर काढून टाकायला विसरू नका, नाहीतर आमच्यासारखं व्हायचं: एका पणजोबांच्या गॅलरीत बरेच दिवस जास्वंदीचं फूल होतं.

आता जागेचं बघू. ग्रॅम्प्स तुमचा फोटो स्वतःकडे घेत नाही. तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता, म्हणजे पाथ, तेवढा नोंदवतो. लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीत जुना पत्ता राहिला की पत्रिका परत येते, तसा हा प्रकार आहे. माणूस सुखरूप असतो, घर बदललेलं असतं. तुम्ही फोल्डरचं नाव ‘आजोबा’चं ‘आजोबा जुने’ केलंत, की त्यातले सगळे जोडलेले फोटो एका क्षणात बेपत्ता. ‘देअर इज नो मीडिया मॅचिंग द करंट पाथ व्हॅल्यू’ असं लांबलचक वाक्य येतं, त्याचा अर्थ एवढाच: दिलेल्या पत्त्यावर काही नाही.

फोल्डर आपण बदलला नसेल तरी पत्ता बदलू शकतो. वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा, बॅकअप सुरू केला की विंडोजचं ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जातात. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे दिसतं, पण पाथमध्ये एक नवा शब्द घुसलेला असतो. शिवाय वनड्राइव्ह जागा वाचवायला फाइल ढगात, म्हणजे इंटरनेटवर, ठेवून लॅपटॉपवर नुसतं तिचं नाव दाखवू शकतं. फाइलपाशी ढगाचं चिन्ह दिसलं तर ती इथे नाही असं समजा. राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, हिरवी खूण येऊ द्या, मग जोडा.

झिपच्या बाबतीत जास्त सावध राहा. कोणी झिप पाठवली, ती डबल-क्लिकने उघडली, आतला फोटो उघडला आणि तिथूनच जोडला, की नोंदवला जातो तो तात्पुरत्या ‘टेम्प’ फोल्डरचा पत्ता. त्या दिवशी सगळं छान दिसतं. कधीतरी विंडोज साफसफाई करतं आणि फोटो जातो. ईमेलमधून थेट उघडलेल्या फाइलचंही तेच. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग आपल्या फोल्डरमध्ये, मग सॉफ्टवेअरमध्ये.

यावरचा कायमचा उपाय ग्रॅम्प्समध्येच आहे. सगळे कागद एका मूळ फोल्डरखाली आणा. प्रेफरन्सेसमध्ये ‘बेस मीडिया पाथ’ म्हणून तो फोल्डर द्या आणि फोटो जोडताना ‘कन्व्हर्ट टु अ रिलेटिव्ह पाथ’ या चौकोनात खूण करा. मग नोंद होते ती त्या मूळ फोल्डरपासून पुढची. लॅपटॉप बदलला तर फोल्डर उचलून नव्यावर ठेवायचा आणि बेस पाथ एकदा बदलायचा. पण तो बेस पाथच चुकीचा असेल, समजा तिथे काढून घेतलेल्या पेनड्राइव्हचं नाव असेल, तर ‘कॅनॉट इम्पोर्ट’ असा संदेश येतो आणि पुढे त्या फाइलचं नाव. बघणाऱ्याला वाटतं फाइलच बिघडली. खाली बारीक अक्षरांत खरं कारण असतं: प्रेफरन्सेसमध्ये दिलेला फोल्डर अस्तित्वात नाही. हा संदेश खरं बोलतो, फक्त मथळा वाचून आपण घाबरतो.

आधीच शेकडो फोटोंचे पत्ते तुटलेले असतील तर एकेक उघडत बसू नका. ‘टूल्स’मध्ये ‘युटिलिटीज’खाली ‘मीडिया मॅनेजर’ आहे. त्यात पाथचा जुना तुकडा आणि नवा तुकडा दिला की सगळीकडे बदलून मिळतो. तिथेच पूर्ण पत्त्यांचे रिलेटिव्ह पत्तेही करून मिळतात. त्याआधी बॅकअप घ्या.

नावांचा भाग मात्र आपल्याकडे खरा त्रासाचा, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही, कारण त्यांच्या घरात सातबारा नसतो.

सातबाऱ्यापासूनच सुरू करू. स्कॅन करून ‘७/१२ उतारा’ या नावाने सेव्ह करायला जाता. विंडोजला तिरकी रेघ म्हणजे फोल्डरची सीमा वाटते. तो ‘७’ नावाचा फोल्डर शोधायला जातो आणि ‘पाथ डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणतो. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ ही चिन्हं विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाहीत. म्हणजे ‘जन्म: १९३४’ नाही आणि ‘१२/५/१९३४’ही नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये तिरकी रेघ देता येते, म्हणून मॅकवाल्या भाच्याला आपलं म्हणणं पटत नाही. त्याची फाइल विंडोजवर आली की रडारड सुरू. नावाच्या शेवटी टिंबही नको. ‘कागदपत्रे कै.’ असं फोल्डरचं नाव मॅक किंवा लिनक्सवर होतं, पण विंडोज शेवटचं टिंब आणि शेवटची मोकळी जागा गाळतं. मग तो फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

आता अदृश्य दुखणं. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. प्रोग्रॅम मात्र चिन्हं जुळवतो, रूप नाही. मॅकची जुनी डिस्क-पद्धत, एचएफएस प्लस, नाव साठवताना अशी एकसंध चिन्हं आपणहून सुटी करते. म्हणजे तुम्ही विंडोजवर ‘कऱ्हाड’ या नावाने पत्ता नोंदवलात, फोटो जुन्या मॅक डिस्कवरून फिरून आला, की नाव तेच आणि फाइल ‘सापडत नाही’. ‘बऱ्हाणपूर’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’, सगळ्यांची हीच कथा. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’सुद्धा एक चिन्ह असतो किंवा ‘अ’वर चंद्र दिलेली दोन. दोघांनी वेगळे कीबोर्ड वापरले की एकाच्या फोल्डरशी दुसऱ्याची नोंद जुळत नाही.

ओळखायचं कसं? वरच्या चाचणीत प्रत नवीन नावाने जोडली गेली, जागा बरोबर आहे, नावात बंदी असलेलं चिन्ह नाही, आणि तरी मूळ फाइल अडते, तर संशय इथे घ्या. फाइलचं नाव पुसून एकाच कीबोर्डने पुन्हा टाइप करा आणि फाइल पुन्हा निवडा. जुनं नाव कॉपी-पेस्ट करू नका, नाहीतर तेच अदृश्य चिन्ह परत येईल.

लांबीचाही हिशेब वेगळा आहे. ‘लक्ष्मीबाई’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरं. संगणकाला त्यात मात्रा आणि हलन्त धरून दहा चिन्हं दिसतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ती ३० बाइट जागा घेतात. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ डिस्कवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत सुमारे ८५ चिन्हं. आमचे एक ज्येष्ठ फाइलच्या नावातच अख्खी टीप लिहितात: कोणाची, कोणी दिली, कोणत्या पेटीत सापडली. विंडोजवर चाललेली ती नावं लिनक्सवर कॉपी होताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून थांबतात. विंडोजवर गोष्ट निराळी. तिथे पूर्ण पाथची पारंपरिक मर्यादा २६० चिन्हांची आहे, ड्राइव्हच्या नावापासून शेवटच्या जेपीजीपर्यंत. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती वाढवायची सोय आली, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि प्रोग्रॅमलाही ती समजावी लागते. ‘कुलवृत्तांत नवी आवृत्ती’, त्यात ‘थोरली शाखा’, त्यात ‘पिढी पाचवी’, त्यात ‘कागदपत्रे’, त्यात ‘तपासलेली’… भरली मर्यादा. विंडोजमध्ये फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर निदान ‘पाथ फार लांब आहे’ म्हणतो. इतर प्रोग्रॅम ‘सापडत नाही’ म्हणून मोकळे होतात. फाइलवर राइट-क्लिक करून ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या, वर्डमध्ये चिकटवा आणि पाथ किती पसरलाय ते बघा. वर्डच्या मोजणीवर अगदी काटेकोर विसंबू नका, दोनशेच्या आसपास गेलं तरी फोल्डर कमी करा.

म्हणून आमचा नियम: फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत; आधी वर्ष, मग गाव, मग कागदाचा प्रकार, मग अनुक्रमांक, मध्ये अंडरस्कोअर. तारीख माहीत नसेल तर वर्षाच्या जागी चार शून्यं. यावर घरात ‘मराठीचं वावडं का?’ असा आवाज उठला होता. वावडं अजिबात नाही. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक फोटोला स्वतंत्र ‘टायटल’ असतं, टिपा लिहायची सोय असते, तिथे कितीही मराठी लिहा, चंद्रबिंदूसकट. जोडताना टायटलच्या जागी फाइलचं नाव आपोआप येऊन बसतं, ते पुसून ‘कऱ्हाडच्या घराचा सातबारा’ असं नीट लिहा. छापताना तेच कामाला येतं.

आता पोटातले दोष. आयफोनने २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो हेइक प्रकारात काढायला सुरुवात केली. तो फोटो विंडोजवर आणून कोणीतरी नावाच्या शेवटचं हेइक खोडून जेपीजी लिहितो. पाटी बदलली, आतला माल तोच. मग ‘कॅनॉट डिस्प्ले’ येतं आणि खाली ‘कदाचित फाइल खराब असेल’. ती खराब नाही, तिला चुकीचं नाव दिलंय. फोटो उघडून ‘सेव्ह ॲज’ने खरा जेपीजी करा. पुढच्या खेपेसाठी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉर्मॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. ब्राउझरमधून उतरवलेल्या वेबपी चित्रांचंही असंच होतं.

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं, त्यामुळे काहींची फाइल ‘जेपीजी.जेपीजी’ झालेली असते आणि त्यांना कळतही नाही. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ही सेटिंग मी तर कोणाच्याही लॅपटॉपवर बसले की न विचारता चालू करते.

पीडीएफ उघडत नसेल तर आधी आकार बघा. स्कॅन केलेलं पान आणि आकार दहा-वीस केबी? शंका घ्या. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी पीडीएफ असेल तर सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं दिसतात. त्याऐवजी कोनी कंसात एचटीएमएल दिसलं, तर तुम्ही कागद नाही, ‘पुन्हा लॉगिन करा’ असं सांगणारं वेबपान उतरवलंय. पुन्हा लॉगिन करून पुन्हा उतरवा. आणि पासवर्ड लावलेली पीडीएफ, जशी आधारची असते, ती वंशावळीत जोडूच नये. जिवंत माणसाचा आधार क्रमांक कुलवृत्तांतात कशाला हवा?

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो एरर देत नाही, म्हणून लक्षात येत नाही, पण तो दाबून लहान केलेला असतो आणि फोटो कधी काढला ही आतली नोंद गेलेली असते. मोडी कागदाचा असा फोटो मोठा केला की अक्षरांचा चिखल होतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या पानाचा फोटो घ्यायला कोणी परवानगी दिली तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, ‘फोटो’ म्हणून नाही. पुन्हा तिथवर जाणं सोपं नसतं.

परवानगीचं थोडक्यात. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअरपासून संरक्षणाखाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला ‘डॉक्युमेंट्स’मध्ये लिहिता येत नाही, आणि संदेश मात्र फाइल नसल्याचा येऊ शकतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रॅमला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत ‘नाही’ दाबलं असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला. लिनक्सवर फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त पॅकेजांमधून बसवलेल्या प्रोग्रॅमला पेनड्राइव्ह दिसेलच असं नाही. कागद आधी घरच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. आणि ‘दुसरा प्रोग्रॅम ही फाइल वापरतोय’ असं आलं तर ते बहुतेक खरं असतं, तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे.

‘कॅनॉट सेव्ह मीडिया ऑब्जेक्ट’ने घाबरू नका. चौकट रिकामी ठेवून ‘ओके’ दाबलंय, एवढंच.

परदेशातले नातेवाईक पाठवतात ती जेडकॉम फाइल. १९८४ पासून चालत आलेला हा देवाणघेवाणीचा प्रकार आहे आणि अजूनही बहुतेक सॉफ्टवेअर त्याची १९९९ ची ५.५.१ आवृत्तीच बोलतात. त्यात माणसं, नाती, तारखा येतात. फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात, आणि ते पत्ते पाठवणाऱ्याच्या लॅपटॉपचे असतात. त्यामुळे उघडल्यावर एरर्सची रांग लागणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्या जुन्या आवृत्तीच्या नियमांतल्या फोटोप्रकारांच्या यादीत बीएमपी, जीआयएफ, जेपीजी, टिफ आहेत. पीएनजी आणि पीडीएफ नाहीत, म्हणून काटेकोर प्रोग्रॅम त्यांच्यावर कुरकुरतात. फाइल ‘ॲन्सेल’ या जुन्या लिपिसंचात बाहेर काढली असेल तर देवनागरीचा बोजवारा उडतो, कारण त्यात फक्त रोमन अक्षरं बसतात. पाठवणाऱ्याला यूटीएफ-८ निवडायला सांगा आणि फोटोंचा फोल्डर वेगळा मागवा. २०२१ च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट एकच झिप पाठवायची सोय आहे, दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला ती कळत असेल तर उत्तमच. दोघंही ग्रॅम्प्स वापरत असाल तर जेडकॉमच्या नादी लागू नका, फोटोंसकटचं ग्रॅम्प्स पॅकेज बनवून पाठवा.

एका ठिकाणी मात्र घाई महागात पडते. ग्रॅम्प्समधलं ‘चेक अँड रिपेअर’ हे दुरुस्तीचं टूल चालवल्यावर हरवलेल्या प्रत्येक फाइलसाठी विचारणा होते: नोंद काढून टाकू, तशीच ठेवू, की नवी फाइल निवडता? काढून टाकली की फोटोबरोबर त्याची टीप, त्याची तारीख आणि तो कोणाकोणाला जोडला होता, सगळं जातं. पाथ तुटलेला असताना हे टूल चालवूच नका. आधी पेनड्राइव्ह लावलाय का बघा, बेस पाथ बघा, मीडिया मॅनेजर वापरा. त्यानंतरही प्रश्न उरला तर ‘ठेवा’ निवडा.

एवढं करूनही अडलं तर मला जरूर कळवा, पण ‘एरर येतोय’ एवढंच नको. संदेशाचा पूर्ण फोटो, बारीक अक्षरांसकट. ‘कॉपी ॲज पाथ’ने घेतलेला पत्ता. फाइलचा आकार. ती कुठून आली: फोन, ईमेल, झिप की स्कॅनर. आणि वरच्या चाचणीत कुठवर पोचलात. विंडोजच्या साध्या संदेश-चौकटीवर कंट्रोल-सी दाबलं तर मजकूर तसाच कॉपी होतो, टाइप करायची गरज नाही. फोटोत बाजूला कोणाचा जन्मदाखला किंवा बँकेचं पान उघडं दिसत असेल तर कापून मगच पाठवा, हा आपला ग्रुप फार मोठा झालाय.